दिंडी कुणासाठी, आणि किती वाजेपर्यंत

महिन्याची वीस तारीख. जीएसटीचं तीन-बी विवरणपत्र भरण्याचा शेवटचा दिवस. पुण्यातल्या एखाद्या पेठेतलं कर सल्लागाराचं ऑफिस डोळ्यांपुढे आणा. पहिला मजला, आठ टेबलं, आठ कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यातल्या टेबलाखाली सगळ्यांचा टॅलीचा डेटा पोटात घेऊन बसलेलं ‘मेन मशीन’. सहा पार्ट्यांच्या फायली ज्या मुलीकडे आहेत, तिची आई साताऱ्याला दवाखान्यात आहे. त्या फायलींमधलं काय राहिलंय, हे तिच्याशिवाय कुणाला धड ठाऊक नाही. तिच्याजवळ लॅपटॉप आहे, मोबाइलला रेंज आहे. ती ऑफिसात फोन लावते : “दादा, मेन मशीनवर एनीडेस्क चालू करा ना. आयडी सांगा, मी इथून भरून टाकते.”

दादा चालू करतो. रिटर्न वेळेत जातं, सहा पार्ट्यांचा दंड वाचतो, आणि मुलगी आईच्या खाटेजवळून हलत नाही. यात चुकीचं काही झालं असं मला वाटत नाही. चूक होते ती त्यानंतर. पुढच्या वेळी आयडी विचारायला नको म्हणून कायमचा पासवर्ड लावून ठेवला जातो. मग तो आणखी दोघांना सांगितला जातो. सहा महिन्यांनी ऑफिसातलं सर्वांत मोलाचं मशीन बाहेरून कुणाकुणाला उघडता येतं, याचं उत्तर मालकाकडे नसतं.

ऑफिसचं मशीन बाहेरून उघडू द्यावं की नाही, हा प्रश्न आजवर आपण हार्डवेअरवाल्यावर सोडला. तो त्याचा नाही. तिजोरीची दुसरी किल्ली कुणाकडे असावी हे आपण कुलूपवाल्याला विचारत नाही. हा निर्णय मालकाचा आहे, आणि तो घेण्यासाठी दोन्ही बाजू नीट समजून घ्याव्या लागतात.

आधी आत-बाहेर म्हणजे काय ते पाहू. हा भेद मुळात पत्त्याचा आहे. ऑफिसच्या राउटरने मेन मशीनला 192.168 ने सुरू होणारा एक आकडा दिलेला असतो. तो त्या चार भिंतींपुरताच चालतो. तोच आकडा शेजारच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरलाही असू शकतो आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधल्याही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते सगळे मिळून सुमारे 429 कोटी. प्रत्येक यंत्राला वेगळा पत्ता पुरला नसता, म्हणून आकड्यांचे काही गट खासगी वापरासाठी बाजूला काढले गेले आणि 1996 साली तो नियम पक्का झाला. बाहेरच्या जगाला दिसतो तो फक्त राउटरचा पत्ता. बाहेरून आलेली हाक राउटरपाशी थांबते, कारण आठांपैकी ती कुणासाठी आहे हे त्याला सांगितलेलं नसतं. ही रचना संरक्षणासाठी केलेली नव्हती, पण तिने आजवर पुष्कळांना नकळत वाचवलं आहे.

‘पोर्ट उघडणं’ म्हणजे राउटरला असं सांगून ठेवणं : या क्रमांकावर हाक आली की सरळ मेन मशीनकडे पाठव. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा ठरलेला क्रमांक 3389. त्यासाठी बहुधा नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, घ्यावा लागतो, त्याचे वेगळे पैसे पडतात, आणि मेन मशीनवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, कारण होम आवृत्ती बाहेरून आलेल्याला आत घेतच नाही. एवढं जुळलं की घरून मेन मशीन दिसायला लागतं. मग दुसऱ्या दिवशी तोच लॅपटॉप ऑफिसात आणला की घरी चालणारं आयकॉन चालत नाही. आतून निघालेल्या हाकेला राउटरच्या बाहेरच्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत वळावं लागतं, आणि बऱ्याच साध्या राउटरांना ते वळण जमत नाही. म्हणून लोकांच्या डेस्कटॉपवर दोन आयकॉन असतात, एक ‘टॅली ऑफिस’ आणि एक ‘टॅली घर’. एकाच मशीनला आतून एक पत्ता आणि बाहेरून दुसरा. माणूस तोच, काम तेच, तरी तो कुठे बसला आहे यावरून दार बदलतं. ही गैरसोय वरवरची दिसते, पण सगळ्या प्रश्नाचं मूळ तिच्यात आहे, म्हणून तिच्याकडे पुन्हा यावं लागेल.

अनेक फायबर आणि मोबाइल जोडण्यांवर तर राउटरलाही स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देते. तिथे पोर्ट उघडून काही उपयोग नाही. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर यांसारख्या साधनांनी हाच अडसर दूर केला. मेन मशीन स्वतःहून बाहेर त्या कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेलं राहतं, साताऱ्याचा लॅपटॉपही तिथेच जातो आणि दोघांची गाठ तिथे पडते. राउटरला हात लावावा लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. ‘रिमोट घ्या’ हा शब्दप्रयोग आज साखर कारखान्याच्या वजनकाट्यापासून तालुक्याच्या पतसंस्थेपर्यंत सगळीकडे ऐकू येतो, तो याच सोयीमुळे.

आता उघडण्याच्या बाजूने. मार्च 2020 पर्यंत आपल्याकडे कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्याला घरून काम करू द्यायचं, तर दूरसंचार विभागाच्या अटी होत्या : खास खासगी जोडणी, सुरक्षा ठेव, करारनामा. त्या महिन्याच्या 13 तारखेला विभागाने त्या तात्पुरत्या शिथिल केल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नवे नियम आणून बव्हंशी कायमच्या काढल्या. वर्षानुवर्षं ‘घरून काम सुरक्षित नाही’ असं सांगितलं जात होतं. गरज पडली तेव्हा काही दिवसांत ते होऊ शकलं. ज्या ऑफिसांत बाहेरून पोहोचण्याची सोय आधीच नीट केलेली होती, त्यांची कामं चालू राहिली. जिथे नव्हती तिथे लोकांनी मिळेल तो मार्ग धरला. पेनड्राइव्हवर डेटा घरी गेला, व्हॉट्सअॅपवर लोकांच्या ताळेबंदांच्या फायली फिरल्या, आणि पासवर्ड कुठल्या तरी ग्रुपवर टाकले गेले.

रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका मराठी मुलाला सांगावी लागत नाही. दूध घालायला गडावर आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ, आणि ज्या कड्यावरून कुणी उतरेल असं वाटलं नव्हतं तो कडा रात्री उतरून गेलेली आई. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधला, असं सांगतात. गोष्ट आईच्या धैर्याची आहे. पण गडाच्या बंदोबस्ताच्या बाजूने पाहिलं तर तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. सूर्यास्ताला दरवाजे लावण्याचा नियम बरोबरच होता. तरीही तटाची कच्ची बाजू पहारेकऱ्यांना समजली नव्हती. ती समजली एका माणसाच्या खऱ्या गरजेमुळे. ऑफिसातही हेच घडतं. ‘बाहेरून काहीही उघडायचं नाही’ असा हुकूम काढला, म्हणजे बाहेरून उघडणं थांबलं असं होत नाही. ते मालकाच्या नजरेआड जातं. म्हणून मला संपूर्ण बंदी ही सर्वांत सुरक्षित वाट वाटत नाही.

एक गोष्ट मनापासून म्हणावीशी वाटते. कर्जत किंवा कसाऱ्याहून रोज मुंबईला येणाऱ्या माणसाचे जाण्यायेण्यात जाणारे तास, पाच महिन्यांच्या बाळाची आई, आजारी वडील गावी ठेवून शहरात नोकरी करणारा मुलगा, या सगळ्यांसाठी मेन मशीनपर्यंत बाहेरून पोहोचता येणं ही चैन नाही. कित्येकदा नोकरी टिकण्या-सुटण्याचा प्रश्न त्यावर अवलंबून असतो. सुरक्षिततेच्या चर्चेत ही माणसं बहुधा हजर नसतात. ती हजर आहेत असं धरूनच तराजू हातात घ्यावा.

दुसरं पारडंही तितकंच जड आहे. 3389 पोर्ट उघडं ठेवलेलं मशीन इंटरनेटवर आलं की ते कुणीतरी शोधण्याची वाट पाहावी लागत नाही. सगळे पत्ते सतत चाचपणाऱ्या यंत्रणा जगभर चालू असतात, आणि पासवर्ड ओळखण्याचे प्रयत्न रात्रंदिवस होतात. मायक्रोसॉफ्टने 2022 साली विंडोज 11 मध्ये दहा चुकीच्या पासवर्डांनंतर खातं दहा मिनिटं बंद ठेवण्याची व्यवस्था मुळातच चालू करून दिली, ती याचसाठी. त्याआधीची कित्येक मशीनं अजून तशीच आहेत. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच ‘ब्लूकीप’ नावाचं छिद्र सापडलं. पासवर्ड न देताही आत शिरता येईल असं ते होतं. मायक्रोसॉफ्टने तेव्हा विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. एक्सपीचा आधार 2014 मध्येच संपला होता, तरी त्यांना तसं करावंसं वाटलं, यावरून धोक्याचं वजन समजावं. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. आपल्या छोट्या ऑफिसांत विंडोज 10 वर चालणारी मेन मशीनं अजून भरपूर आहेत. त्यांचं पोर्ट बाहेर उघडं असेल तर ते आज बंद करावं, यावर दुमत असण्याचं कारण नाही.

पोर्ट नको, एनीडेस्क पुरे, असं म्हणणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना याच अॅपचं नाव घेऊन सावध केलं होतं, कारण भामटे लोकांना फोन करून ते मोबाइलवर टाकायला लावत आणि नऊ आकडी कोड विचारून खाती रिकामी करत. साधन तेच, साताऱ्याची मुलगी वापरते तेव्हा ते सोयीचं, भामटा वापरतो तेव्हा घातक. म्हणजे सगळा भरवसा कोड कुणी कुणाला सांगितला एवढ्यावर उभा आहे. दुसरी गोष्ट फेब्रुवारी 2024 ची. एनीडेस्कनेच जाहीर केलं की आपल्या सर्व्हरांमध्ये घुसखोरी झाली होती, आणि ग्राहकांना पासवर्ड बदलायला सांगितलं. चार महिन्यांनी टीमव्ह्यूअरनेही आपल्या अंतर्गत नेटवर्कमध्ये झालेली घुसखोरी कळवली. दोघांनी ती लपवली नाही, हे त्यांच्या बाजूचं. पण मधल्या माणसावर विसंबलं की त्याच्या घरचा धोका आपलाही होतो.

भीतीचंही वजन करून घ्यावं लागतं. फेब्रुवारी 2021 मध्ये फ्लोरिडातल्या ओल्ड्समार या गावाच्या पाणीशुद्धीकरण केंद्रात कुणीतरी बाहेरून शिरून पाण्यातल्या कॉस्टिक सोड्याचं प्रमाण शंभर पटींहून जास्त वाढवलं, अशी बातमी जगभर गाजली. ऑपरेटरने ते लगेच पूर्ववत केलं. पुढे 2023 मध्ये त्या वेळच्या शहर व्यवस्थापकानेच सांगितलं, की बाहेरचं कुणी शिरलं नसावं, कर्मचाऱ्याच्याच हातून चूक झाली असावी. म्हणजे ज्या गोष्टीचा दाखला देऊन वर्षभर भाषणं झाली, ती तशी घडलीच नसावी. पण तपासात एक गोष्ट निर्विवाद समोर आली होती : तिथल्या सगळ्या कॉम्प्युटरांना रिमोटचा एकच पासवर्ड होता. हल्लेखोर होता की नव्हता हा वाद बाजूला ठेवला, तरी तो पासवर्ड उरतोच. कुणाचा हात होता हेच सांगता येऊ नये, अशी ती व्यवस्था होती.

इथपर्यंतची चर्चा एक गोष्ट गृहीत धरून चालते : बाहेर धोका, आत सुरक्षितता. हे गृहीतच मला सर्वांत कच्चं वाटतं. याचं उदाहरण आपल्या उरणच्या किनाऱ्यावर घडलेलं आहे. 27 जून 2017. जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल, मर्स्क या डॅनिश समूहाकडून चालवलं जाणारं, ठप्प झालं. कंटेनरांचे ट्रक खोळंबले. बंदरावर कुणी हल्ला केला नव्हता. उगम युक्रेनमध्ये होता, आणि तोही हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिथले व्यावसायिक करभरणीसाठी ‘एम.ई.डॉक’ नावाचं सॉफ्टवेअर वापरत, जसे आपले टॅली वापरतात. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरून नेहमीच्या अपडेटमधूनच ‘नॉटपेट्या’ हा विषाणू पाठवला. मर्स्कच्या ओडेसा इथल्या ऑफिसात ते सॉफ्टवेअर एका कॉम्प्युटरवर होतं. एका. तिथून विषाणू आतल्या आत एका मशीनवरून दुसऱ्यावर सरकत गेला, आणि जगभरातल्या त्यांच्या टर्मिनलांचे पडदे काळे झाले. त्याला कुठलंही बाहेरचं दार फोडावं लागलं नाही. आतली मशीनं एकमेकांवर डोळे मिटून विश्वास ठेवत होती, तेवढं त्याला पुरलं.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढच्या जानेवारीत दावोसमध्ये सांगितलेले आकडे असे : 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरांच्या घरात. आणि ते उभे करता आले ते एका योगायोगाने. कुणाला काय उघडता येईल याची नोंदवही ठेवणारे त्यांचे जगभरातले सगळे सर्व्हर पुसले गेले होते, घानातल्या ऑफिसातला एक सोडून. तिथे हल्ल्याच्या आधी लाईट गेली होती, म्हणून तो सर्व्हर नेटवर्कपासून तुटलेला राहिला. घानाचं नेट इतकं संथ होतं की ती नोंदवही पाठवायला दिवसच्या दिवस लागले असते. शेवटी डिस्क माणसाच्या हाती देऊन नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. आपल्याकडे लाईट गेली की मेन मशीन बंद पडतं आणि बाहेरून रिमोट घेणारा अडकतो, म्हणून आपण वैतागतो. एवढ्या मोठ्या समूहाला त्या अंधारानेच तारलं. यातून घ्यायची गोष्ट साधी आहे : एक प्रत अशी असावी, जी कुठल्याही नेटवर्कला जोडलेली नाही.

दिल्लीच्या एम्समध्ये 23 नोव्हेंबर 2022 ला जो सायबर हल्ला झाला, त्याचं सरकारने संसदेत दिलेलं कारणही याच जातीचं होतं. पाच सर्व्हर आणि सुमारे 1.3 टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला, आणि नेटवर्कचे भाग एकमेकांपासून नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सांगितलं गेलं. पुढचे बरेच दिवस देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात केसपेपर हाताने लिहिले जात होते. एकदा आत आलेल्याला सगळ्या खोल्या मोकळ्या असतील, तर दारावरच्या पहाऱ्याला फारसा अर्थ राहत नाही. आपल्या आठ टेबलांच्या ऑफिसात टॅलीच्या डेटाचं फोल्डर ‘एव्हरीवन’ला पूर्ण मोकळं शेअर केलेलं असतं. पाहुण्यांना वायफायचा पासवर्ड दिला जातो, आणि त्याच वायफायवर मेन मशीन असतं. चहा घ्यायला टेकलेल्या पार्टीचा मोबाइलही मग ‘आत’च असतो.

बाहेरून येण्यासाठी व्हीपीएन हा उपाय सांगितला जातो. मी त्याच्या बाजूचा आहे, पण डोळे उघडे ठेवून. व्हीपीएन म्हणजे बाहेरच्या लॅपटॉपपासून ऑफिसपर्यंत एक बंद बोगदा. राउटरला मेन मशीन बाहेर दाखवावं लागत नाही. ओळख पटल्यावरच बोगद्याचं तोंड उघडतं. यात त्या दोन आयकॉनांचा प्रश्नही सुटतो, कारण घरी बसा की ऑफिसात, मेन मशीनचा पत्ता एकच राहतो. वायरगार्डसारखी फुकट आणि सुटसुटीत साधनं आता आहेत. 2020 पासून वायरगार्ड लिनक्सच्या गाभ्यातच आहे. स्टॅटिक आयपी नसला तरी चालणाऱ्या त्याच्यावर बेतलेल्या सेवाही मिळतात. आठ माणसांच्या ऑफिसाला परवडत नाही असं म्हणण्यासारखं यात काही उरलेलं नाही.

पण बोगदा लोक विसरतात. मे 2021 मध्ये सायबर हल्ल्यामुळे अमेरिकेची कलोनियल पाइपलाइन सहा दिवस बंद राहिली. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळपास निम्मं वाहून नेणारी, साडेआठ हजार किलोमीटरहून लांब अशी ही नळवाहिनी. पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. हल्लेखोर आत आले ते व्हीपीएनमधूनच. वापरात नसलेलं एक जुनं खातं बंद करायचं राहून गेलं होतं, आणि त्याला पासवर्डाखेरीज दुसरी खातरजमा नव्हती. कंपनीने 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 44 लाख डॉलर, खंडणी दिली. त्यातले बरेचसे बिटकॉइन पुढे सरकारने परत मिळवले. आणि जानेवारी 2024 मध्ये इव्हांटी या कंपनीच्या व्हीपीएन उपकरणांतच छिद्रं सापडली, तेव्हा अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना ती 48 तासांच्या आत नेटवर्कवरून काढून टाकायला लावली. म्हणजे व्हीपीएन बसवलं की काम संपत नाही. तेही एक दार आहे, आणि कुणाकडे त्याची किल्ली आहे हे कुणीतरी सतत पाहायला हवं.

काही जण म्हणतील, मेन मशीनच नको, सगळं क्लाउडवर ठेवा. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण ग्रामीण भागात जिथे नेट दिवसातून चारदा जातं तिथे हिशेब थांबतात, दरमहा भाडं लागतं, आणि पासवर्डाचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.

यापेक्षा मला एका वेगळ्या दाराची जास्त काळजी वाटते, ज्याचा विचार जवळपास कुणी करत नाही. ते म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याचं. पतसंस्थेचं बँकिंग सॉफ्टवेअर, कारखान्याचा वजनकाटा, दवाखान्याची लॅब मशीन, सोसायटीचे कॅमेरे, या प्रत्येकाचा देखभाल करणारा बाहेरून कधीही आत येऊ शकतो. ऑफिसच्या मुलीला रिमोट देताना आपण दोनदा विचार करतो. त्याला दिलेलं रिमोट वर्षानुवर्षं चालू असतं, आणि बहुधा त्याच्या सगळ्या ग्राहकांना एकच पासवर्ड असतो. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून 2013 मध्ये चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली, तेव्हा चोर आत आले ते त्यांच्या शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या लॉगिनने.

मग करावं काय? शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर जो उभा राहिला आहे, त्याने त्या अवाढव्य, खिळे ठोकलेल्या दाराच्या फळीतली छोटी दिंडी पाहिली असेल. मोठा दरवाजा बंद असतानाही तिच्यातून माणूस जाऊ शके, पण एका वेळी एकच, आणि तोही वाकून. पहारेकऱ्याला त्याचा चेहरा दिसल्याशिवाय राहत नसे. ऑफिसच्या मशीनसाठी मला नेमकं हेच हवं आहे. व्हीपीएन असावं, पण त्यातून येणाऱ्याला अख्खं नेटवर्क दिसू नये, फक्त मेन मशीन दिसावं. प्रत्येकाचं खातं स्वतःच्या नावाचं, पासवर्डाबरोबर मोबाइलवरचा दुसरा कोड. तीच खातरजमा आत बसलेल्यांनाही, कारण आत असणं हा ओळखीचा पुरावा नव्हे. सॉफ्टवेअरवाल्याला एनीडेस्कच हवं असेल तर काम असेल तेव्हा द्यावं, कायमचा पासवर्ड न लावता, आणि काम होईपर्यंत कुणीतरी पडद्यासमोर बसावं. याने थोडी गैरसोय होईल. सॉफ्टवेअरवाला रविवारी दुपारी परस्पर अपडेट टाकू शकणार नाही. ही किंमत मला मान्य आहे. हिशेब इतरांचे आहेत. ऑफिसने ते विश्वासाने ठेवून घेतलेले आहेत.

कायद्यानेही आता मोघम राहू दिलेलं नाही. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे, आणि यंत्रणांचे लॉग 180 दिवस जपायचे आहेत. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे. सहा तासांत कळवायचं तर कोण, कधी, कुठून आत आलं होतं हे आधी माहीत पाहिजे. एकच पासवर्ड आठ जण वापरत असतील तर ते शोधायला सहा महिनेही पुरणार नाहीत.

याला लागते ती एक साधी वही. तिच्यात बाहेरून येऊ शकणाऱ्यांची नावं, प्रत्येकाचं काम, आणि परवानगी कधी संपते ती तारीख. दर महिन्याच्या एक तारखेला मालकाने स्वतः ती वाचावी आणि हार्डवेअरवाल्याला त्यानुसार खाती बंद करायला लावावीत. पहिल्यांदा वाचाल तेव्हा नोकरी सोडून गेलेल्या कुणाचं तरी नाव तिच्यात सापडण्याची शक्यता बरीच आहे. कलोनियलच्या बाबतीत राहून गेलेलं काम एवढंच होतं.

आणि या वहीत मला आणखी एक रकाना हवा आहे, वेळेचा. बाहेरून मशीन उघडता येतं हे एकदा सिद्ध झालं, की ‘आत्ताच जरा बघून देतेस का’ हा फोन रात्री साडेदहालाही येतो. खासदार सुप्रिया सुळे यांनी 2018 च्या अखेरीस लोकसभेत कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक मांडलं होतं. ते कायदा झालं नाही. फ्रान्सने 2017 पासून असा हक्क दिला आहे. कायदा येईल तेव्हा येवो, खात्याला वेळ लावण्याची सोय आजच आहे. सकाळी आठ ते रात्री आठ लॉगिन चालेल, नंतर नाही, हे विंडोजच्या खात्यावरही ठरवता येतं. चोराच्या दृष्टीने पाहिलं तर त्याच्या आवडीचे बारा तास त्यामुळे निघून जातात. वीस तारखेसारखा दिवस असेल तर मालकाने त्या दिवसापुरती वेळ वाढवावी आणि वहीत तशी नोंद करावी. एरवी रात्री आठला दिंडी आपोआप लागली, तर साताऱ्याच्या दवाखान्यात बसलेल्या त्या मुलीला साहेबांना नाही म्हणावं लागत नाही. ते मशीनच सांगतं, आणि ती लॅपटॉप मिटून आईचं जेवणाचं ताट आणायला जाऊ शकते.